बाराजणींचे नंबर

“ओटीपी मालकांच्या मोबाईलवर गेला असंल बघा. फोन लावून इचारा त्यास्नी.”

काउंटरमागच्या साहेबांनी हे आमच्या पुढच्या बाईला सांगितलं. आवाज चढवला नाही की कपाळाला आठी घातली नाही. ती बाई पिशवी पोटाशी धरून बाजूला झाली. तिचे मालक मुरगूडच्या बाजाराला गेले होते आणि तिच्याकडे फोनच नव्हता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आम्ही पुढे सरकलो.

आईने पासबुक आणि पैशांची पिशवी काचेखालून आत ढकलली. आई आमच्या गल्लीतल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. गट बाराजणींचा. दर महिन्याची जमा भरायला ती मला सोबत नेते, कारण स्लिप मी लिहिते. बोलायचं काम तिचं.

“वैनी, ह्या महिन्याचं घेतो,” साहेब म्हणाले. “फुडल्या महिन्यापासनं गटाची रोकड हितं घेणार न्हाय.”

“मग कुठं घेणार?”

“कुठंच न्हाय. शाखा डिजिटल होणार. प्रत्येकीनं आपल्या खात्यातनं गटाच्या खात्यात टाकायचं. आणि दिवाळीचं वाटप बी थेट जिच्या तिच्या खात्यात. वरनं आदेश आलाय, आमच्या हातात काय न्हाय.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे ठीक आहे. मला खरंच ते ठीक वाटलं होतं.

रोकड जाण्याचं मला कधी दुःख झालं नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी बोललं की हशा, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं मला सोपं गेलं. कोल्हापुरात गप्प राहणं हा तसा गुन्हाच आहे. भाजीवाली, रिक्षावाला, चहाच्या गाड्यावरचा माणूस, सगळ्यांना तुमच्याशी बोलायचं असतं, आणि तेही दहा जणांना ऐकू जाईल असं. “काय ताई, सुट्टं द्या की!” असं कुणी ओरडलं की मी घामाघूम व्हायचे. मग दुकानादुकानांत स्कॅन करायच्या चौकोनी पाट्या लागल्या. स्कॅन करायचं, स्क्रीन दाखवायची, निघायचं. किती रुपये आले ते दुकानातला डबा मोठ्याने सांगायचा. माझ्या वतीने बोलायला एक डबा मिळाला, याहून मोठी सोय मला माहीत नव्हती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी एका कारखान्याच्या ऑफिसात संगणकावर बिलं चढवते. तिथेही दिवसाला दहा वाक्यं बोलून भागतं.

तेव्हा घरी येताना मी मनातल्या मनात बँकेच्याच बाजूची होते.

काकीला सांगेपर्यंत.

काकी आमच्या शेजारच्या घरात राहते. ती ऑर्डरच्या भाकरी करते. सकाळी सहापासून तिच्या घरातून थापण्याचा आवाज येतो. त्या आवाजावर माझं लहानपणापासून उठणं आहे. एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनला तिच्या भाकरी जातात. गटात सगळ्याजणी सारखेच पैसे भरतात, पण ज्यांना जमेल त्या वर आणखी भरतात. त्याला आम्ही ‘वरचं’ म्हणतो. पाच वर्षांची सगळी जमा यंदाच्या दिवाळीला वाटून घ्यायची होती. शनिवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी पसरतात, मध्ये स्टीलचं ताट ठेवतात, आणि प्रत्येकजण आपले पैसे त्यात ठेवते. काकीच्या नोटा छोट्या गुंडाळीत असायच्या आणि त्यांना ज्वारीच्या पिठाचा वास यायचा. तिचं वरचं सगळ्यांत जास्त. वही माझ्याकडे असल्यामुळे ते मला माहीत होतं. गटाबाहेर ते कुणालाही माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं यासाठीच तर तो गट होता.

काकीला एक जुनी मोपेड घ्यायची होती. तिच्या भाकरींची टोपली तिच्या नवऱ्याच्या रिक्षातून कॅन्टीनच्या गाडीपर्यंत जायची. काकांना दुसरं भाडं मिळालं की टोपली दारात थांबायची. भाकरी गार झाल्या की कॅन्टीनवाला पैसे कापायचा. स्वतःची गाडी झाली की ती थेट एमआयडीसीपर्यंत जाणार होती, आणि आणखी दोन कॅन्टीनं तिला विचारत होती. मोपेड चालवायला ती पहाटे मैदानावर शिकून आली होती. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गुडघा खरचटला तेव्हा पायरीवरून पडले म्हणाली.

आईने बँकेचं सांगितलं तेव्हा काकीचा हात थापता थापता थांबला.

“खात्यात? माझ्या खात्यात?”

“व्हय. थेट.”

“मग झालंच म्हणायचं,” काकी म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. ती वाकडी पडली. काकीची भाकरी वाकडी पडलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

मला काही कळलं नाही. आईला कळलं. आईने मला घरी येऊन मटणाची गोष्ट सांगितली.

दोन महिन्यांपूर्वी कॅन्टीनवाल्यानेही रोकड बंद केली होती. आधी तो काकीला महिन्याच्या शेवटी पाकीट द्यायचा. आता पैसे खात्यात. काकीच्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर काकांचा. मेसेज त्यांना, ओटीपी त्यांना, पैसे पाठवायचं अ‍ॅपही त्यांच्याच फोनमध्ये. तर एका रविवारी काका दोन किलो मटण घेऊन आले. पाठोपाठ स्टँडवरचे चार मित्र. “आज आपल्याकडनं जेवान!” काका गल्लीत ओरडून सांगत होते. रिक्षात नवे स्पीकर लागले होते, सीटला नवं लाल कव्हर. काकीने हौसेने तांबडा केला, पांढरा केला, सुकं केलं, भाकरी तर होत्याच. मित्रांनी तोंड भरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी ती पासबुक भरून आणायला गेली आणि तिला समजलं की ते जेवण तिनेच घातलं होतं.

“मालकांना इचारलंस?” आईने तिला विचारलं होतं.

“इचारलं की. म्हणाले, माझ्या मोबाईलवर आलं म्हंजे मला वाटलं माझंच.”

काका वाईट माणूस नाहीत. कुणाचं दुखलं-खुपलं तर रिक्षा मोफत काढतात. मला बघितलं की “काय मॅडम, आज तरी तोंड उघडणार का?” असं विचारतात आणि स्वतःच हसतात. पण त्यांच्या हाताला पैसा थांबत नाही. दिवाळीचं वाटप त्याच खात्यात आलं असतं, तर काकीने पाच वर्षं साठवलेली मोपेड एका रविवारी जेवून संपली असती.

मी त्या दिवशी जेवताना काही बोलले नाही. आईला वाटलं नेहमीचंच. पण मला एक गोष्ट आठवत होती. काकीच्या फॉर्मवर काकांचा नंबर मीच लिहिला होता.

मी तेव्हा नववीत होते. गल्लीच्या तालमीच्या हॉलमध्ये खाती उघडायचं शिबिर लागलं होतं. फॉर्म इंग्रजीत, चौकोन चौकोन आखलेले. कुणीतरी म्हणालं, “तिला बसवा की, इंग्लिश मीडियमची हाय.” मला टेबल दिलं, पेन दिलं. बायका एकामागून एक समोर बसत होत्या. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मग मोबाईल नंबर. पहिली म्हणाली, “ह्यांचाच टाक.” दुसरी म्हणाली, “ह्यांचाच.” तिसरीला मी विचारलंच नाही, नवऱ्याचा नंबर काय एवढंच विचारलं. तो सगळ्यांना तोंडपाठ होता. बऱ्याच जणींकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता हे खरं. पण काकीकडे होता. भावाने दिलेला, बटणांचा, तिच्या मांडीवरच पडलेला. मी तो बघितला होता. “तुझा नंबर टाकू का?” एवढं एक वाक्य विचारायचं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही आणि मी सुबक आकड्यांत बारा नवऱ्यांचे नंबर लिहून मोकळी झाले. शिबिरातल्या साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मला पेन बक्षीस मिळालं.

नोट कुणाला काही सांगत नाही, हे मला इतक्या वर्षांनी त्या वाकड्या भाकरीने शिकवलं. ज्याच्या हातात आहे त्याची ती. फोन मात्र सांगतो, आणि कुणाला सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी बँकेच्या साइटवरून नंबर बदलायचा अर्ज काढला. पुढून मागून दोनदा वाचला. मग बारा प्रती छापल्या. शनिवारी गटाच्या बैठकीत त्या आईपुढे ठेवल्या आणि आईच्या कानात सांगितलं. आईने सगळ्यांना सांगितलं.

“आपापला नंबर टाकायचा,” आई म्हणाली. “ही फॉर्म भरून देणार. आपण बँकेत जायचं.”

“माझा नंबर मला कुठं म्हाईत हाय?” एकजण म्हणाली. “स्वतःला कोण फोन करतंय व्हय?”

सगळ्या हसल्या, पण खरंच कुणालाच माहीत नव्हता. आता प्रत्येकीकडे फोन होता. मुलाचा जुना, मुलीने दिलेला, काच तडकलेला. नवऱ्याचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील, आणि स्वतःचा विचारला की फोन उलटा करून पाठीवरची चिकटपट्टी शोधायच्या. माझी आईसुद्धा. काउंटरवर विचारलं आणि अडखळल्या तर साहेब काय म्हणतील, मला अंदाज होता. म्हणून मी प्रत्येकीला तिचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला आणि खाली लिहिलं, पाठ करा.

ते दोन आठवडे आमच्या गल्लीत फार मजा होती. नळावर पाणी भरताना, दळण घेऊन येताना बायका आकडे पुटपुटत होत्या. कुणी मध्येच चुकलं की दुसरी कमरेवर हात ठेवून “परत म्हण” म्हणायची. आपल्या नातवाकडून पाढे म्हणून घेणारी गटातली एक आजी नातवासमोर उभी राहून स्वतःचा नंबर म्हणत होती. काकीने मी दिलेला कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला. ती थापण्याच्या तालावर पाठ करायची. भाकरी थापताना पहिले पाच आकडे. तव्यावर टाकून पाणी फिरवताना शांत. परतली की पुढचे पाच. पंधरा दिवसांत तिने हजार-दीड हजार वेळा तो नंबर म्हटला असेल.

वडिलांना आईने सरळ सांगून टाकलं. ते पेपर वाचत होते. “बरंच झालं,” म्हणाले. “माझा फोन तरी मोकळा होईल.” बाकी घरांतून कुणी सांगितलं, कुणी नाही. काकीने नाही सांगितलं.

मी एकच अट घातली होती. मी बँकेत येईन, पण बोलणार नाही. काही अडलं तर लिहून देईन.

“तू लिही गं बाई,” काकी म्हणाली. “वरडायला आमी बाराजणी हाय की.”

शुक्रवारी मी रजा टाकली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. दोघींनी गजरेही माळले होते. काकांच्या स्टँडवरून जायला नको म्हणून आम्ही मागच्या गल्लीने चालत गेलो. बँकेच्या दारातला गार्ड म्हणाला, “काय मावशी, लगीन कुणाचं?”

“बँकंचंच,” आमच्यातली एक म्हणाली आणि आत शिरली.

काउंटरवर तेच साहेब. त्यांनी आधी आम्हाला मोजलं. मग म्हणाले, “आज दोघींचं करतो. बाकीच्यांनी सोमवारी या.”

“बसतो की आमी,” आई म्हणाली. “गडबड न्हाय.”

आणि त्या खरंच बसल्या. खुर्च्या भरल्या, उरलेल्या फरशीवर. एकीने शेंगदाण्याचे लाडू काढले. साहेबांनी मानेला हात लावला आणि पहिला अर्ज ओढला. तो काकीचा होता. मीच तो सगळ्यांत वर ठेवला होता.

“आत्ताचा नंबर कुणाचा?”

“मालकांचा.”

“मग मालकांना घेऊन या. नंबर त्यांचा हाय, त्यांची सही लागंल.”

काकीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खांबाच्या आड होते. पेन काढलं आणि पासबुकच्या प्लास्टिकच्या कव्हरवर टेकून एका चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी बाराजणींच्या हातांतून पुढे गेली. काकी चौथीपर्यंत शिकली आहे. तिने चिठ्ठी लांब धरली आणि एकेक शब्द फोडून, अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचली.

“खातं, फक्त, हिच्या, नावावर, आहे. हिच्या म्हंजे माझ्या. अर्जावर, नवऱ्याच्या, सहीची, जागा, नाही. कुठे, आहे, ते, दाखवा.”

साहेबांनी अर्ज बघितला. उलटा करून बघितला. पुन्हा सुलटा केला. रांगेतले एक फेटेवाले आजोबा म्हणाले, “बराबर हाय की ओ सायेब तिचं. सही घेताय तर जागा दावा.”

साहेब अर्ज घेऊन आत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं. मॅनेजर मॅडमनी अर्ज वाचला, मान वर करून बाहेर आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि काहीतरी एकच शब्द बोलल्या. साहेब परत आले.

“द्या सगळ्यांचे,” ते म्हणाले. “नवीन नंबर तोंडी सांगा आधी. फॉर्मशी जुळवायचा असतो.”

काकीने छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात काकांचा नंबर सांगितला.

“आगं बया!” बाराजणींपैकी अकरा एकदम ओरडल्या. “त्यो मालकांचा!”

काकीने जीभ चावली. तिचा चेहरा उतरला. साहेबांच्या ओठांवर हसू यायला लागलेलं मला दिसलं. तेवढ्यात काकीने डोळे मिटले. उजवा पंजा उघडा केला आणि काउंटरच्या काळ्या दगडावर हलकेच थापायला लागली. थप, थप. पहिले पाच आकडे आले. मग ती थांबली. पंजा गोल फिरवला, पाणी लावल्यासारखा. मग हात उलटा केला, आणि पुढचे पाच आकडे एका दमात.

साहेबांनी फॉर्मवर बोट ठेवून ताडून बघितलं. “बराबर,” ते म्हणाले, आणि आता ते खरोखर हसत होते, पण हसणं वेगळं होतं.

मग यंत्रावर अंगठा. काकीचा अंगठा यंत्राला काही वाचता येईना. उजवा नाही, डावा नाही. तवा आणि पीठ यांनी रेषा पुसून टाकल्या होत्या. “अंगठा लागत न्हाय,” साहेब म्हणाले. मी खांबाआडून बाहेर आले, काकीचा डावा हात धरला, करंगळीच्या शेजारचं बोट रुमालाने पुसलं आणि यंत्रावर दाबून धरलं. हिरवा दिवा लागला. बाकी अकराजणींना अडवायला त्यानंतर कुणाकडे काही कारण उरलं नाही. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत बाराच्या बारा अर्जांवर शिक्के पडले. शिक्क्याचा आवाज आला की बायका मोठ्याने आकडा म्हणत होत्या. अकरा! बारा! शेवटच्या शिक्क्याला गार्डनेसुद्धा टाळी वाजवली.

बाहेर आल्यावर घरी जायला कुणीच तयार नव्हतं. समोर मिसळीचं हॉटेल होतं. आम्ही तेराजणी आत गेलो. यांतल्या निम्म्याजणी नवऱ्याशिवाय किंवा पोरांशिवाय हॉटेलात पहिल्यांदाच बसल्या होत्या, आणि ते लपवावं असं कुणालाच वाटत नव्हतं. कट वाढ, पाव आण, कांदा कुठाय, असा नुसता दंगा. बिल काकीने द्यायचं ठरवलं. तिने ब्लाउजमधून गुंडाळी काढली.

“मावशी, स्कॅन करा की,” गल्ल्यावरचा म्हणाला. “सुट्टं न्हाय आमच्याकडं.”

“करणार,” काकी म्हणाली. “परवापासनं. आज नोटा घे, आणि सुट्टं नसलं तर राहू दे तुलाच.”

दिवाळीआधी वाटप झालं. मेसेज काकीच्या फोनवर आला. आता ती निळ्या जुन्या मोपेडवर टोपली बांधून सकाळी कागलच्या रस्त्याला लागते. कधी कधी आमची कंपनीची बस तिच्या मागे अडकते, हॉर्न वाजवते, आणि काकी बाजूला होत नाही. बसमधल्या लोकांना मी सांगत नाही की ती माझी कोण. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, बँकेत जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दिवेलागणीला, गटाची बैठक चालू असताना काका गल्लीत आले.

नंबर बदलला की बँक जुन्या नंबरलाही कळवते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रिक्षा त्यांनी आडवीच लावली. फोन हातात. “आरं व्वा!” ते ओरडले. “बँकंनं आमास्नी घराभाईर काढलं! ह्यो नंबर आता तुमच्या खात्याला जोडलेला न्हाय म्हणं. कुणाच्या डोक्यातनं आलं ह्ये?”

बायका दारात आल्या. मी आतच राहिले, वही मांडीवर घेऊन.

“बँकेनंच सांगितलं, भावजी,” आई म्हणाली. “नवा नियम हाय.”

“व्हय, नियमच हाय,” दुसरी म्हणाली.

“बँकेला माझ्या बायकूचा येवढा पुळका कधीपासनं?” काका म्हणाले. ते हसत होते, पण मान लाल झाली होती. समोरच्या घरांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. “खरं सांगा. कुणी शिकवलं? मला नाव पायजे.”

काकी पुढे झाली. “मीच गेलते माझ्या पायानं.”

“तू? तुला एटीएमचं दार उघडता येत न्हाय, आणि तू फॉर्म भरलास? कुणाच्या तरी हाताखाली केलंस ह्ये. चल, मला घेऊन चल बँकेत सोमवारी. पूर्वी हुतं तसं करून घेऊ.”

काउंटरवर थापलेला तो हात काकीने पदराखाली घेतला. मला तो हात दारातून दिसत होता.

एवढ्यात शेजारी त्यांच्या घराच्या पायरीवर बसलेली काकांची आई बोलली. तिचं वय ऐंशीच्या आसपास असेल. ती सहसा बोलत नाही, माझ्यासारखीच. “आरं,” ती म्हणाली, “माझी पेन्शन बी तुझ्याच मोबाईलवर येती न्हवं? गेल्या खेपेला आली काय?”

“आये, तू गप.”

“न्हाय, मी नुसतं इचारलं.”

काका फोनकडे बघत उभे राहिले. मी वही मिटली, बायकांमधून वाट काढत पायऱ्या उतरले आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बराच मोठा निघाला.

“मी शिकवलं, काका. तुमचा नंबर त्या खात्यावर नववीत असताना मीच लिहिला होता, काकीला न विचारता. तो आता मीच काढला, आणि परत घालणार नाही. आजी, सोमवारी दहा वाजता तयार राहा. पासबुक आणि आधार कार्ड तेवढं घ्या. फोन नसला तर माझा जुना आहे, तो तुम्हाला देते.”